जे.जे., दोशी आणि एसटी स्टँड

सीएसएमटीला उतरून फोर्टात ऑफिस गाठणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर जे.जे.चं गेट तुम्ही हजारदा पाहिलेलं आहे. पाहिलेलं म्हणजे काय, त्याच्यासमोरून धावलेला आहात. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात डबा, डोळे सिग्नलवर. आत जुनी दगडी इमारत आहे, भरपूर झाडं आहेत आणि पाठीवर गुंडाळीची नळी अडकवून फिरणारी, तीन रात्री न झोपलेली पोरं आहेत. ही पोरं आर्किटेक्चरची, हे डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून ओळखायचं.

२०२३ मध्ये या कॅम्पसला ‘डीम्ड टु बी युनिव्हर्सिटी’चा दर्जा मिळाला. ‘डी नोव्हो’ नावाच्या श्रेणीत. सोप्या भाषेत सांगायचं, तर कला, उपयोजित कला आणि आर्किटेक्चर ही तिन्ही कॉलेजं एका छत्रीखाली आली. अभ्यासक्रम स्वतःचा आखायचा आणि पदवीवर शिक्काही स्वतःचाच मारायचा. आधी डीम्ड की राज्याचं कला विद्यापीठ, यावर भरपूर वाद झाले. शेवटी डीम्डवर मोहोर उमटली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर फुलांचे गुच्छ, टाळ्या, ‘प्राउड मोमेंट’ वगैरे सगळं रीतसर पार पडलं.

मला मात्र एक प्रश्न छळत होता. सर जमशेटजी जीजीभॉयांच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली संस्था. आर्किटेक्चरचा स्वतंत्र विभाग १९१३ चा. इतक्या वर्षांनी शिक्का मिळाला, तर तोपर्यंत ही शाळा काय बिनशिक्क्याची होती? आणि शिक्का मिळाला म्हणून नेमकं काय बदलतं?

हा प्रश्न मी लेखाचा विषय म्हणून डायरीत लिहून ठेवला होता. फ्रीलान्सरच्या डायरीत असे पन्नास विषय पडून असतात. हा बाहेर आला तो एका फोनमुळे.

जानेवारी २०२४. फोन माझ्या मावसबहिणीचा. घरात सगळ्यात धाकटी म्हणून आम्ही तिला छोटीच म्हणतो. ती पुण्याकडच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला होती. शेवटचं सेमिस्टर, फक्त थिसिस बाकी.

‘‘ताई, मी सोडतेय.’’

‘‘बॉयफ्रेंड?’’

‘‘कॉलेज गं!’’

चौथ्या वर्षी ट्रेनिंगच्या वेळी तिने एका थ्रीडी कंपनीत काम केलं होतं. बिल्डरच्या न बांधलेल्या टॉवरचे चकाचक वॉकथ्रू बनवायचे, सोफ्यावर ऊन पाडायचं, बाल्कनीत हसरं कुटुंब बसवायचं. पोरगी त्यात वाघीण. कंपनी म्हणाली, लगेच ये, ३५ हजार देतो. पास झालेले तिचे सीनिअर्स आर्किटेक्टच्या ऑफिसात १८ हजारांवर टॉयलेटच्या टाइल्स मोजत होते. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मावशीने रडून घर डोक्यावर घेतलं. काका एसटीत कंडक्टर, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. ते काही बोललेच नाहीत. हे रडण्यापेक्षा वाईट. मग नेहमीप्रमाणे ठराव झाला की मुंबईची ताई पेपरात लिहिते, तिला चार गोष्टी कळतात, तर तिनेच समजावावं.

मी समजवायला तोंड उघडलं आणि छोटीने हुकमाचा एक्का टाकला. ‘‘ताई, दोशींनी तरी कुठे पूर्ण केलं होतं?’’

मास कॉमला आम्हाला एकच गोष्ट नीट शिकवली, समोरच्याचं म्हणणं आधी तपासायचं. तपासलं. पोरीचं खरं होतं.

बाळकृष्ण दोशी. जन्म १९२७, पुण्याचा. १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, ते जे.जे.त आर्किटेक्चरला दाखल झाले आणि १९५० मध्ये कोर्स अर्धवट सोडून लंडनला गेले. तिथून पॅरिस, ल कॉर्बुझिएचं ऑफिस. सुरुवातीचे आठ महिने फुकट काम. पुढे कॉर्बुझिएची अहमदाबादची कामं बघायला ते भारतात परतले आणि तिथलेच झाले. २०१८ मध्ये आर्किटेक्चरचं नोबेल समजलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय. २०२२ चं ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडलही त्यांचंच. २४ जानेवारी २०२३ ला ते गेले. म्हणजे गंमत बघा, ज्या वर्षी जे.जे.ला विद्यापीठाचा शिक्का मिळाला, त्याच वर्षी तिथून बिनशिक्क्याचा बाहेर पडलेला तिचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी जग सोडून गेला.

छोटीचा एक्का जबरदस्त होता. पण तपासताना पुढचं पानही वाचायचं असतं.

शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाने १९६२ मध्ये अहमदाबादला काय काढलं? तर आर्किटेक्चरचीच शाळा. तीच आज सेप्ट म्हणून ओळखली जाते. तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला २००५ मध्ये. आधी त्रेचाळीस वर्षं शिकवणं, मग शिक्का. आणि दोशी आठ महिने फुकट राबले ते कशासाठी? शिकण्यासाठी. त्यांनी कॉलेज सोडलं होतं, शिकणं नाही. छोटीला हे ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘डायलॉग मारू नकोस.’’

मग मी कायदा काढला. दोशींनी जे.जे. सोडलं तेव्हा आर्किटेक्ट्स ॲक्ट नव्हता. तो आला १९७२ मध्ये. त्यानुसार मान्य पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल, तरच नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येतं. यावर छोटीने मलाच शिकवलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कायद्याचं बंधन त्या उपाधीवर आहे, डिझाइन करण्याच्या कामावर नाही. ‘‘म्हणजे प्रश्न फक्त पाटीचा आहे, ताई. पाटीसाठी मी दर महिन्याला सतरा हजारांचा तोटा का सोसू?’’

अशा पोरीशी फोनवर जिंकता येत नाही. मी म्हटलं, शनिवारी मुंबईला ये. भाषण नाही, फक्त फिरू.

सीएसएमटीला तिला उतरवून घेतलं आणि आधी स्टेशनच दाखवलं. दगडातले प्राणी, पानं, मोर, चेहरे. हे कोरीव काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं. १८८० च्या दशकातली कॉलेजची पोरं, आणि त्यांच्या सबमिशनवरून आजही रोज लाखो लोक ये-जा करतात. मग जे.जे.चं गेट. आत रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, कारण त्याचे वडील लॉकवुड किपलिंग इथे शिल्पकला शिकवायचे. हे सगळ्यांना माहीत असतं. मला तिला सांगायची होती ती दुसरी माणसं.

अच्युत कानविंदे. आपल्या सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा मुलगा. जे.जे.तून शिकून हार्वर्डला गेला, वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली शिकला आणि परत येऊन आयआयटी कानपूरचा कॅम्पस उभा केला. पेरीन मिस्त्री. १९३६ मध्ये जे.जे.तून आर्किटेक्चरचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेली मुलगी, देशातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट्सपैकी एक. ब्रिंदा सोमय्या. १९७१ ची बॅच. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कानने बांधलेली विक्रम साराभाई लायब्ररी खराब होत चालली होती. सोमय्यांच्या ऑफिसने ती दुरुस्त केली, २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आणि १९१७ मध्ये इथूनच शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी एक छोटी संघटना काढली. तीच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. म्हणजे देशभरातल्या आर्किटेक्टांची संघटना मुळात आपल्या सीएसएमटीसमोरच्या पोरांचं उद्योगधंदे करणं!

छोटी ‘हं, हं’ करत होती. नावांनी तिला काही फरक पडत नव्हता. खरं सांगू? आपल्यालाही पडत नाही. ऑफिसच्या भिंतीवर ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चे फोटो असतात, ते पाहून तुमचं काम कधी सुधारलंय?

चित्र बदललं ते ओव्हल मैदानापाशी. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटीचं व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको बिल्डिंगांची रांग. २०१८ मध्ये दोन्ही मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मी हे सांगत होते आणि बाईसाहेब माझ्याकडे पाठ करून एका बिल्डिंगच्या खिडक्यांकडे बघत होत्या.

‘‘ताई, खिडकीवरची ती पट्टी बघ. डिझाइन वाटतं ना? तो छज्जा आहे. पाऊस तिरका आला तरी खिडकी उघडी ठेवता यावी म्हणून. आणि कोपरा गोल केलाय ना, तिथून वारा...’’

पुढची वीस मिनिटं मी ऐकत होते. तिने पर्समधून टेप काढली. हो, पर्समध्ये लिपस्टिक, कंगवा आणि पाच मीटरची स्टीलची टेप! एका बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना मस्का मारून तिने प्रवेशाच्या पायऱ्या मोजल्या. ‘‘सहा इंच. म्हाताऱ्या माणसाला त्रास होणार नाही अशी पायरी. आमच्या हॉस्टेलची साडेसात आहे, सगळ्यांचे गुडघे गेलेत.’’ वॉचमनकाका म्हणाले, ‘‘तरीच! मी तीस वर्षं चढतोय, कधी दमलो नाही.’’

मोजायचं आणि मग मत द्यायचं. जे.जे.ची जुनी सवय म्हणतात ती हीच. क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज प्रोफेसर १९२३ पासून वीस वर्षं तिथे आर्किटेक्चरचे प्रमुख होते. ते मुलांना जुन्या भारतीय इमारती मोजून कागदावर उतरवायला लावायचे. युरोपातले खांब पाठ करण्यापेक्षा आपल्याकडचा जिना मोजा, असा तो खाक्या. मेजर्ड ड्रॉइंग हा प्रकार आज देशातल्या प्रत्येक आर्किटेक्चर कॉलेजात आहे. छोटीनेही दुसऱ्या वर्षी एक वाडा मोजला होता, धुळीने तीन दिवस शिंकत.

रात्री घरी मॅगी खाताना खरं कारण बाहेर पडलं. ३५ हजार हे अर्धंच कारण होतं. तिचा थिसिसचा विषय होता तालुक्याचं एसटी स्टँड. वडिलांची अख्खी नोकरी तिथे गेली म्हणून तिने तो मोठ्या हौसेने घेतला होता. पहिल्या ज्युरीत तिने उडत्या छपराचं, काचेचं, एअरपोर्टसारखं स्टँड मांडलं. ज्युरीत बाहेरून आलेल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला. दुपारी दीडला बाळाला घेऊन आलेली बाई या काचेच्या पेटीत कुठे बसणार? छोटीला उत्तर आलं नाही. सगळ्या वर्गासमोर. ‘‘तेव्हा कळलं की मला फक्त छान दिसणारं काढता येतं. मग जे छान दिसण्याचे पैसे देतात, तिथेच जावं ना?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मॅगी वाढली.

उत्तर तिच्या घरीच होतं. सामान आणायला ती गावी गेली. शीट्स बाहेर काढून गुंडाळत असताना काका आले. पाच वर्षांत त्यांनी तिचं एकही ड्रॉइंग नीट पाहिलं नव्हतं, ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणून. त्या दिवशी चष्मा लावून प्लॅनवर वाकले. एसटी स्टँड असं लिहिलेलं दिसलं म्हणून.

‘‘हा फलाट?’’

‘‘हो.’’

‘‘गाडी तोंड आत घालून लागणार. मग रिव्हर्सला मी कुठं उभा राहू?’’

छोटीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरतो, मागे उभा राहून शिट्टी मारतो. तिच्या प्लॅनमध्ये नेमका तिथे शोभेचा पाण्याचा हौद होता. काकांनी मग पेन्सिल मागितली. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर कुठे झोपतात, कंट्रोलरची खिडकी कुठे असली म्हणजे त्याला सगळे फलाट दिसतात, दुपारचं ऊन कोणत्या बाजूने आत येतं, शाळेची पोरं कुठल्या कठड्यावर बसतात, हिरकणी कक्षाचं दार कुठल्या बाजूला असलं तर बायका खरंच तो वापरतील. दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक स्टँडवर. टेपचं एक टोक काकांच्या हातात. जुन्या स्टँडचं छप्पर फलाटाच्या बरंच पुढे आलेलं असतं, ते उगाच नाही, पावसात गाडीत चढणाऱ्याचं डोकं कोरडं राहावं म्हणून, हे तिला त्या दिवशी मोजल्यावर कळलं.

तिने कंपनीला विचारलं, जूनमध्ये जॉइन होऊ का? कंपनी म्हणाली, आत्ता किंवा कधीच नाही. तिने कधीच नाही घेतलं. मावशीला वाटलं आपलं रडणं कामी आलं. तसंच वाटू दिलं.

मे २०२४ मध्ये फायनल ज्युरी झाली. काचेची पेटी गायब. लांब वळचणीचं, खालून वारा खेळणारं, साधं छप्पर. गोल्ड मेडल वगैरे मिळालं नाही. हा सिनेमा नाही. बरे मार्क मिळाले. आणि एका ज्युरी मेंबरने विचारलं, ‘‘फलाटामागे ही आठ फुटांची मोकळी पट्टी कशासाठी?’’ तिने सांगितलं, ‘‘कंडक्टरसाठी.’’

छोटी आता एका छोट्या ऑफिसात आहे. पगार विचारू नका, मी विचारला आणि मलाच वाईट वाटलं. त्या ३५ हजारांची तिला आठवण येते का? येते. भाडं भरायच्या तारखेला हमखास येते. आर्किटेक्टच्या ऑफिसांनी पोरांना नीट पैसे द्यायला हवेत, हे त्यागाच्या गोष्टी सांगून झाकता येणार नाही. पाच वर्षं शिकून, रात्री जागून तयार झालेल्या माणसाला पॅशनवर पोट भर म्हणणं हा चावटपणा आहे. तुमच्या-माझ्या क्षेत्रात तरी वेगळं काय चाललंय?

पण जे.जे.च्या शिक्क्याचा तो डायरीतला प्रश्न आता मला जरा कळायला लागलाय. शिक्का बिनकामाचा नाही. स्वतःचा अभ्यासक्रम आखायची मोकळीक मिळाली, तर शाळा बदलत्या काळाशी झटकन जुळवून घेऊ शकते. आर्ट आणि आर्किटेक्चर १९५८ मध्ये वेगळी कॉलेजं झाली होती. आता पेंटिंगवाली आणि बिल्डिंगवाली पोरं पुन्हा एका वर्गात बसू शकतात. ही छोटी गोष्ट नाही. छोटीची पदवीही बिनकामाची नाही. तिच्याशिवाय नावापुढे ती नऊ-दहा अक्षरं लागत नाहीत आणि बँकेपासून सासरपर्यंत जग ती अक्षरं वाचतं.

फक्त शाळेने काय कमावलं हे शिक्क्यावरून मोजायचं नसतं. दोशींनी पदवी न घेता जे.जे. सोडलं आणि इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना जोतं, संडास आणि एक खोली बांधून दिली, बाकीचं घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचं. ऐंशी हजारांवर माणसांची ही वस्ती. तिथे घर आखताना त्यांनी आधी पाहिलं की माणूस राहतो कसा. कानविंद्यांनी पदवी घेतली, सोमय्यांनी घेतली. कागद वेगवेगळे, पण दुसऱ्याला कुठे ऊन लागतं, कुठे गुडघा दुखतो, हे आधी बघायचं आणि मग रेघ मारायची, ही गोष्ट सगळ्यांकडे सारखी. विद्यापीठ झालेल्या जे.जे.ची यापुढची बातमी मी तिथेच शोधणार आहे. रँकिंगमध्ये नाही, तिथल्या पोरांच्या शीट्सवर. त्यात बाळ घेतलेली बाई कुठे बसलीय, ते बघून.

गेल्या महिन्यात काका मुंबईला आले होते. परळच्या एसटी डेपोजवळ आम्ही रस्ता ओलांडत होतो, समोर गाडी रिव्हर्स घेत होती. मागे कंडक्टर शिट्टी मारत, भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अंग चोरून उभा. काका थांबले, दोन पावलं टाकून अंतर मोजलं आणि मला म्हणाले, ‘‘तीन फूटच आहे गं. आमच्या छोटीने आठ दिले असते.’’